सुभेदारांनी दुरुस्त केलेलं बटण

इस्लामपूरच्या आमच्या कॉलनीत कुणाचा मिक्सर बिघडला, तर तो पिशवीत घालून, वर टॉवेल टाकून सुभेदारांच्या दारावरून न्यावा लागे. सुभेदार माने सकाळ-संध्याकाळ फाटकात उभे असायचे. पिशवीतल्या वस्तूचं नुसतं टोक दिसलं, तरी त्यांचा हात पुढं यायचा.

"बघू तर उघडून."

एवढंच म्हणायचे. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. उंचापुरा माणूस, पेन्शनीत येऊनही केस बारीक कापलेले, आवाज असा की मागच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसावं. पण त्या हातांना बारीक काम ठाऊक नव्हतं. फौजेत सगळा जन्म पायदळात गेला, बंदूक आणि फावडं यांच्यापलीकडं हत्यार माहीत नाही. त्यांनी उघडलेली वस्तू सहसा परत मिटायची नाही. मिटलीच, तर स्क्रू उरायचे. ते कागदाच्या पुडीत नीट बांधून सुभेदार वस्तूबरोबर परत करायचे. "हे जादाचे व्हते," असं वर सांगायचे.

एकदा त्यांनी कॉलनीच्या बोअरची मोटर उघडली. ती पुन्हा चालू व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली, तीही शहरातून माणूस आणून. पण त्या पुऱ्या वेळात सुभेदार स्वतः लांबच्या हापशावरून पाणी आणून घराघरात घागरी भरत होते. कुणी काही बोललं तर उत्तर नाही. कुणी "राहू द्या" म्हटलं तर थांबणं नाही. शेवटची घागर आमच्याकडं आणली तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता. "चूक माझी हाय, बाई. पाणी बी मीच देणार," म्हणाले आणि निघून गेले. माफी मागायची त्यांची रीत ही अशी होती.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहायचे. त्यांची बायको सुनंदाताई आणि मी एकाच शाळेत शिकवत होतो. त्या गणित, मी मराठी. वयानं त्या मोठ्या, म्हणून मला 'पद्मा' म्हणायच्या. सुभेदार मात्र 'मगदूम बाई' म्हणायचे. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, हे त्यांना कळल्यापासून त्यांनी ती आपली ड्यूटी मानली होती. ऊन कललं की रस्त्यापलीकडून आरोळी यायची, "मगदूम बाई, दिस निघाला खाली! जेवून घ्या!" सगळ्या कॉलनीला माझ्या जेवणाची वेळ ठाऊक झाली होती.

सुभेदार मूळचे रहिमतपूरजवळच्या एका गावचे. ऊस, विहीर आणि घरटी एक माणूस फौजेत. सुनंदाताई सांगलीच्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दोघांनी सलग एकत्र संसार केला तो सुभेदार पेन्शनीत आल्यावरच. सुनंदाताई हसून म्हणायच्या, "पूर्वी सुट्टीवर यायचे तेव्हा पाहुणे होते. आता पोटभाडेकरू झालेत."

त्या खूप बोलायच्या. शाळेतून आल्या की भाजी निवडता निवडता दिवसभराचं सगळं सांगायच्या. कुणी गैरहजर होतं, हेडमास्तर काय म्हणाले, कुठल्या पोरीला अपूर्णांक कळले. सुभेदार पेपर उघडून बसलेले असायचे. थोड्या वेळानं पेपरामागून आवाज यायचा, आणि तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचा.

"सुनंदा, जरा गप की गं. लय बोलतीस."

"मग कुणाशी बोलू? भिंतीशी?"

"भितीशी बोल. भित ऐकून घेती."

भांडण म्हणावं असं ते नव्हतं. पण मला वाटायचं, या दोघांची अजून ओळख व्हायची आहे. सुभेदारांना तंबूभर जवानांना हुकूम द्यायचं माहीत होतं. एका बाईचं बोलणं ऐकत बसायचं कुणी शिकवलं नव्हतं. आणि सुनंदाताईंना एकटीनं पोर वाढवायची, बँक, रेशन, आजारपण सगळं एकटीनं निभवायची सवय. माणूस घरात आला म्हणून त्या काही त्याला विचारायला लागल्या नाहीत. वेळ आहे, होईल ओळख, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत असावं.

मग एक दिवस वर्गात सुनंदाताईंच्या हातातून खडू पडला. उचलला, परत पडला. पोरी हसल्या. त्याही हसल्या. पुढं काही महिन्यांत हात उचलून फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येईना. मग बोलण्यात जडपणा आला. 'समीकरण' म्हणताना जीभ अडखळायची. सांगलीच्या डॉक्टरांनी मिरजेच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं कळलं की स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत. हात, पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. औषध नाही. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत राहणार.

सुभेदारांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला म्हणे. "म्हंजी तिला सगळं कळणार?"

"सगळं."

मिरजेहून इस्लामपूरपर्यंत एसटीत ते एक शब्द बोलले नाहीत. हे मला सुनंदाताईंनीच सांगितलं. तेव्हा त्यांचं बोलणं मला अजून कळत होतं, जरा वेळ लागायचा इतकंच. "मी सगळ्या वाटेत बडबडत होते," त्या म्हणाल्या. "आहे तोवर बोलून घ्यावं म्हटलं. आणि गंमत बघ पद्मा, ह्यांनी आज एकदाही गप म्हटलं नाही." आणि त्या रडायला लागल्या. त्यांना रडतानाही धाप लागत होती.

वर्ष सरायच्या आत जीभ गेली. पाय तर आधीच गेले होते. त्या घरात मग फक्त सुभेदारांचाच आवाज ऐकू यायचा. कामाला बाई ठेवा म्हटलं तर ऐकेनात. स्वतःच सगळं करायचे आणि करण्याआधी मोठ्यानं सांगायचे. "आता कूस बदलणार. तयार? एक, दोन..." वेणी घालायला शिकले. पहिल्यांदा घातलेली वेणी दोरखंडासारखी आवळलेली होती, सुनंदाताईंच्या भुवया ओढल्या गेल्या होत्या. मी सैल करून दिली. ते बाजूला उभं राहून माझ्या बोटांकडं बघत होते. नंतर मला पुन्हा वेणी घालायची वेळ आली नाही.

पण बायकोला काय हवंय ते कळणं, हे त्यांना जमेना. सुनंदाताई नुसत्या बघायच्या. डोळ्यांत काहीतरी मागणं असायचं. सुभेदार एकेक विचारत जायचे. पाणी? कूस? पांघरूण? भांडं? खिडकी? डोकं दुखतंय? प्रत्येकाला डोळे तसेच. मग त्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. आणि सुभेदार बाहेर येऊन फाटकाला धरून उभे राहायचे.

त्यांची मुलगी मनीषा पुण्याला नोकरीला होती. तिनं कुठूनशी माहिती काढली आणि तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घेऊन आली. त्यात पडद्यावर मराठी अक्षरांच्या ओळी दिसायच्या आणि एक निळी चौकट त्या ओळींवरून हळूहळू खाली सरकायची. हव्या त्या ओळीवर चौकट आली की माउसचं बटण दाबायचं. मग ती त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकायची. हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. सुनंदाताईंच्या अख्ख्या अंगात आता उजव्या हाताचा अंगठाच तेवढा त्यांचं ऐकत होता. तोही उचलता येत नसे, फक्त दाबता येई. म्हणून सुटा माउस चालेना, तो हाताखालून निसटायचा. कीबोर्डची कळ जड जायची. पण त्या जुन्या लॅपटॉपला टचपॅडच्या खाली दोन वेगळी, मऊ बटणं होती. त्यांतलं डावं केव्हाच बसलं होतं, म्हणून मनीषानं सगळं काम उजव्या बटणावर लावून दिलं. पलंगावर एक पाट, पाटावर लॅपटॉप, मनगटाखाली नॅपकिनची घडी.

पहिलं वाक्य लिहिलं गेलं तेव्हा मी तिथं होते. खूप वेळ लागला. सुभेदार उशाशी उभं राहून एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होते आणि पुढचं ओळखायला बघत होते. "प... पं... पंडित? पंचमी? पंगत?" सुनंदाताईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं त्या वर्गात मध्येच बोलणाऱ्या पोरीकडं बघायच्या. ते गप्प झाले. पडद्यावर उमटलं, 'पंखा कमी करा'.

पंखा! किती दिवस तो पंखा तसाच गरगरत होता. सुभेदारांनी जाऊन पंखा कमी केला. मग स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मनीषा बघायला गेली, तर ते टॉवेलमध्ये तोंड खुपसून उभे होते.

त्यानंतरचे काही महिने त्या घरातले मला आठवतात ते टिक, टिक अशा बारीक आवाजानं. सुनंदाताईंचं बोलणं परत आलं होतं, फार सावकाश, पण त्यांचंच. भाजीत मीठ कमी. बँकेत जा. मनीला आंबे पाठवा. सुभेदार संध्याकाळी फाटकात यायचे आणि मला दिवसभराचं सांगायचे, पूर्वी सुनंदाताई सांगायच्या तसं. एकदा तर छाती फुगवून म्हणाले, "आज मला मूर्ख म्हणाली, बाई. जोडाक्षरासकट!"

दिवाळी झाली आणि सुनंदाताईंचा श्वास उथळ व्हायला लागला. मिरजेचे डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, आता दोनच वाटा आहेत. गळ्याला भोक पाडून नळी घालायची आणि श्वासाच्या मशीनवर ठेवायचं. मग बरीच वर्षंही निघतील. नाहीतर आहे तसं घरी ठेवायचं, त्रास कमी करायची औषधं द्यायची. मग थोडेच दिवस. "ठरवा लवकर. एकदम दम लागला तर विचार करायला वेळ मिळणार नाही."

मनीषा त्याच दिवशी पुण्याहून आली. तिचं ठरलेलं होतं. नळी घालायची. सुभेदार म्हणाले, "तिला इचारायचं. तिचा गळा हाय."

आणि नेमकं तेव्हा ते बटण गेलं.

सुनंदाताई अंगठा दाबायच्या, बटण खाली जायचं, पण आवाज येत नव्हता. चौकट आपली सरकत राहायची. खूप जोर दिला तर एखादं अक्षर उमटायचं. तेवढा जोर त्या अंगठ्यात नव्हता.

मनीषानं विचारलं, "आई, नळी घालायची ना? हो असेल तर डोळे मिट." सुनंदाताईंचे डोळे कोरडे पडून सारखेच मिटायचे. मिटले. "बघा, हो म्हणाली," मनीषा म्हणाली. सुभेदारांनी विचारलं, "सुनंदा, नको असंल तर डोळे मिट." पुन्हा मिटले. अंगठ्यावरून ठरवावं, तर तोही मधूनच आपोआप फडफडायचा. बाप-लेक एकमेकांकडं बघत राहिले. मी खिडकीशी उभी होते, मला त्या दोघांकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार लॅपटॉप छातीशी धरून सांगलीला गेले. मनीषानं मुंबईहून अशा रोग्यांसाठीचं खास मोठं बटण मागवलं होतं, पण ते यायला अजून वेळ होता. सांगलीतल्या दुकानदारानं बघून सांगितलं, वरचा सगळा भागच बदलावा लागेल, इतका जुना भाग मागवायला लागेल, ठेवून जा, आठवडाभरानं या. नाहीतर आजोबा, नवीनच घ्या. नवीन बघितले तर कुठल्यालाच सुटी बटणं नव्हती, सगळी पट्टीच दाबावी लागायची. सुभेदार लॅपटॉप तसाच छातीशी धरून दुपारी परत आले.

"आठवडाभर तिला गप बसवू व्हय?" ते आल्या आल्या म्हणाले. मग टेबलावर पांढरी चादर अंथरली, लॅपटॉप उलटा ठेवला आणि बारीक स्क्रूड्रायव्हर हातात घेतला.

मनीषा ओरडलीच. "बाबा, नाही! तुम्ही उघडायचं नाही! आहे ते पण जाईल!"

"काय हाय आत्ता?" ते म्हणाले. "चालू काय हाय, सांग की."

ती आईजवळ जाऊन बसली.

मी मोबाईलचा उजेड धरला. सुभेदारांनी आधी बॅटरी काढली. मग एकेक स्क्रू काढून चादरीवर जिथल्या तिथं ठेवत गेले, लॅपटॉपचा जणू नकाशाच मांडला. मध्येच थांबायचे, हात मांडीवर पुसायचे, पुन्हा सुरू. वरचा भाग उचलताना आतून एक पट्टीसारखी नाजूक वायर ताणली गेली. "हळू," मी म्हटलं. ते श्वास रोखून थांबले. नखानं तिचं टोक सोडवलं. इतकं हळू त्यांना काही करताना मी कधी बघितलं नव्हतं.

बटण उलटं करून बघितलं तेव्हा कारण दिसलं. बटणाच्या पोटाला प्लास्टिकचं एक बारकं टोक असतं, ते आतल्या छोट्या स्विचवर टेकतं. ते झिजून सपाट झालं होतं. स्विच धड होता. टोकच त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. डाव्या बटणाचं टोक तर मुळापासून तुटलेलं होतं.

सुभेदार त्या झिजलेल्या टोकाकडं बघत राहिले. "हे तिनं झिजवलं," म्हणाले. "बोलून बोलून."

औषधाच्या बाटलीच्या झाकणातून त्यांनी ब्लेडनं डाळीएवढा तुकडा कापला आणि गोंदानं त्या जागी चिकटवला. गोंद वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. जुळवून बघितलं तर बटण सारखं दाबलेलंच राहत होतं. तुकडा जाड झाला होता. पुन्हा उघडलं. काचकागदानं घासलं. आता पातळ झाला, टेकेना. मनीषा दारात येऊन उभी राहिली होती, तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं. सुभेदारांनी तुकडा खरवडून काढला, नवीन कापला. एवढ्यात खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "बाई, दिस कलला. तुमी जेवून या."

"राहू दे आज."

"ऱ्हाऊ दे न्हाई. जावा."

मी घरी जाऊन कसंबसं दोन घास खाल्ले आणि परत आले. ते तसेच बसलेले होते, पाठ वाकलेली, मिशीला प्लास्टिकचा भुगा लागलेला. स्क्रू सगळे परत आपापल्या जागी गेले होते. एकही उरला नव्हता. त्यांनी लॅपटॉप चालू केला. बोट बटणावर ठेवलं, पण दाबेनात.

"तुमी दाबा," मला म्हणाले.

मी दाबलं. टिक.

लॅपटॉप पाटावर ठेवला. मनगटाखाली घडी सरकवली. सुभेदार पलंगाच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात म्हणाले, "सुनंदा, डॉक्टर काय म्हणले ते तू ऐकलंस. नळी घालायची का न्हाई, तू सांग. तू म्हणशील तसं."

चौकट सरकू लागली. या वेळी त्यांनी अक्षरं ओळखायचा प्रयत्न केला नाही. 'नळी' झालं. पुढं 'न' आला. मनीषाचा हात तोंडाशी गेला. 'नको'. मग पुन्हा चौकट, पुन्हा टिक. 'घरी ठेवा'.

"आई, नीट विचार कर गं," मनीषा हुंदके देत म्हणाली. "माझ्यासाठी तरी."

सुनंदाताईंनी लेकीकडं बघितलं. पुष्कळ वेळ अंगठा हललाच नाही. मग त्यांनी लिहिलं, 'केला'. आणि थोडं थांबून, 'मने जेव'.

मनीषा त्यांच्या कुशीत डोकं घालून रडली. सुभेदार तसेच उभे होते. तिचं रडं ओसरल्यावर म्हणाले, "आता तिला पुन्हा कुणी इचारायचं न्हाई." आणि स्वयंपाकघरात जाऊन लेकीसाठी भाकरी थापायला बसले.

त्यानंतर सुनंदाताई फार लिहीत नसत. दम लागायचा. एकदा त्यांनी सुभेदारांना लिहिलं, 'तुम्ही बोला'.

"मी काय बोलू?" ते गांगरले.

'काही पण'.

सुभेदार बोलायला लागले. पहिल्यांदा हवामान, ऊस, कारखान्याचा भाव. ते संपलं, मग फौजेतलं. बर्फातली चौकी, हरवलेलं खेचर, रात्री तंबूत गाणं म्हणणारा आटपाडीकडचा एक जवान, तो कसा गेला, त्याच्या घरी सांगायला हे स्वतः कसे गेले होते. मी दारातून ऐकायचे. इतक्या वर्षांत यांतलं एक अक्षर सुनंदाताईंना ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे सुभेदारांच्या तोंडावरून हलायचे नाहीत.

मग एका सकाळी सुभेदारांची हाक आली. मी धावत गेले. लॅपटॉप पुन्हा चादरीवर उलटा होता, स्क्रू मांडलेले होते.

"बाई, बटण पुन्हा गेलं. तिनं दाबलं तरी उमटंना. बघा, गोंद सुटला असंल."

मी उजेड धरला. गोंद सुटला नव्हता. तुकडा जागच्या जागी होता. त्यांनी सगळं परत जोडलं, चालू केलं, स्वतःच्या बोटानं दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक. दाबतच राहिले. मग त्यांचं बोट थांबलं.

"बटण चांगलं हाय," ते म्हणाले.

आतल्या खोलीत सुनंदाताईंचा हात नॅपकिनच्या घडीवर होता आणि अंगठा हातावरच आडवा पडलेला होता. सुभेदार त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी तो अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला आणि कालची गोष्ट जिथं सोडली होती तिथून पुढं सांगू लागले. आवाज मोठाच होता. रस्त्यावरून जाणारा एकजण थबकून खिडकीकडं बघून गेला.

संक्रांतीच्या आधी सुनंदाताई गेल्या. घरातच, दुपारच्या उन्हात, फारसा त्रास न होता. निदान आम्हाला तसं दिसलं.

सुभेदारांनी इस्लामपूरचं घर भाड्यानं दिलं आणि ते गावी निघून गेले. सामानाचा टेम्पो निघाला तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, इतकंच.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या कामासाठी साताऱ्याला गेले होते. परतीच्या गाडीसाठी स्टँडवर आले, तर बाकावर सुभेदार. मी आधी ओळखलंच नाही. केस मानेवर आले होते. एकेकाळी अंगानं भरलेला माणूस सदऱ्यात लटकल्यासारखा दिसत होता.

"सुभेदार, ओळखलंत का?"

"मगदूम बाई," ते म्हणाले. आवाज इतका खाली आला होता की मला वाकावं लागलं. "बसा."

पेन्शनीसाठी हयातीचा दाखला काढायला आले होते. "अंगठा उमटंना मशीनवर. झिजला म्हणं. मग डोळा धरला, तवा कुठं जित्ता निघालो."

मनीषाची चौकशी केली. "फोन करती. दर रविवारी. तब्येत इचारती. त्या दिवसाचं कवा बोलत न्हाई." मग म्हणाले, "बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"ते बटण चाललं नसतं, तर मनीनं तिला मिरजेला नेली असती. नळी घातली असती. डॉक्टर म्हणलेवते, लय वर्सं निघतात. म्हंजी आज ती असती."

"त्यांनीच सांगितलं होतं ना, नको म्हणून. त्यांच्या मनासारखं केलंत तुम्ही."

"व्हय. तिच्या मनासारखं केलं." त्यांनी मान हलवली. "माझ्या मनात काय व्हतं, ते मी तिला सांगितलंच न्हाई. इतकं बोललो, सगळी फौज सांगितली. ते तेवढं न्हाई सांगितलं. ऱ्हा म्हणलो न्हाई."

मी बाकावर त्यांच्याजवळ सरकून बसले.

रहिमतपूरची गाडी लागली. मी म्हटलं, "तुमची गाडी." त्यांनी मान वर करून पाटी वाचली. "हिला लय गर्दी हाय. मागली धरतो." मी बघितलं, गाडीत खूप जागा होती. ती निघून गेली. आम्ही चहा घेतला. मग इस्लामपूरमार्गे सांगलीला जाणारी माझी गाडी आली. मी पाया पडू लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटायला वेळ होता. तेवढ्यात शेजारच्या फलाटावर रहिमतपूरची दुसरी गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टर खाली उतरून ओरडत होता, माणसं चढत होती, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होतं. सगळे चढले. कंडक्टरनं बाकाकडं बघून विचारलं, "आजोबा, येणार का?"

सुभेदार त्याच्याकडं बघत होते. उठले नाहीत. कंडक्टरनं दार ओढलं, घंटी मारली. गाडी मागं येऊन वळली आणि गेली. फलाट मोकळा झाला. आमची गाडी हलली तेव्हा सुभेदार त्याच बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, त्या मोकळ्या फलाटाकडं बघत बसले होते.